ओल्या हातांची माणसं

छापखान्यात त्याला सगळे शुद्धोबा म्हणत आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ते आवडायचं. पुस्तकं, पत्रिका, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, जे काही छापायला जाई ते आधी त्याच्या टेबलावरून जाई. लाल पेन घेऊन बसला की हा माणूस चहा विसरायचा. चुकीचा उकार दिसला की त्याला चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं, तो काढल्याशिवाय पुढे पाऊलच टाकवायचं नाही. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यातल्या सूचना, मेहुण्याने पाठवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याच्या तावडीतून काही म्हणजे काही सुटत नसे. मेहुणा बिचारा आता नुसतं फुलाचं चित्र पाठवायचा. त्यात काय चुकणार?

अशा माणसावर वेताची खुर्ची विणायची वेळ आली ती वडिलांमुळे.

वडील एके काळचे जमीनमोजणीदार. उभा जन्म सरळ रेघा मारण्यात आणि दुसऱ्यांच्या वाकड्या रेघा दाखवून देण्यात गेला. शुद्धोबाला शुद्धोबा करण्यात त्यांचा हात मोठा होता. लहानपणी त्याची वही ते अशी तपासत की वहीला घाम फुटावा. आता ते पंच्याऐंशीच्या घरात होते, कानाने तिखट आणि स्वभावाने त्याहून. जेवणाच्या टेबलाशी त्यांची हातांची, जुनी, वेताच्या बैठकीची एक खुर्ची होती. त्या खुर्चीत ते बसल्याशिवाय घरात कुणी घास उचलत नसे.

एका रविवारी मेहुणा, त्याची बायको आणि मुलगी जेवायला आली होती. पानं वाढून झाली, वडील रुबाबात आले, खुर्चीत बसले, आणि बैठक फर्रकन फाटली. वडील चौकटीतून खाली गेले ते काखांशी अडकले. गुडघे वर, हात खुर्चीच्या हातांवर, नाक टेबलाच्या कडेला. मग मेहुणा फिस्सकन हसला. मग त्याची बायको. मग सगळे. शुद्धोबाने वडिलांना काखेत हात घालून वर ओढलं तेव्हा तोसुद्धा हसतच होता, कारण कुठे लागलेलं नव्हतं आणि दृश्य खरोखरच बघण्यासारखं होतं. वडील उभे राहिले, सदरा नीट केला, आपलं ताट उचललं आणि खोलीत निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांचं ताट खोलीत जाऊ लागलं.

"बाबा, चला ना बाहेर," शुद्धोबा म्हणे.

"खुर्ची झाली की येईन."

"दुसरी आहे की. नवी आणू."

"दुसरी मला टोचते."

गावातल्या एकुलत्या एक वेतवाल्याने दुकान बंद करून लेकीकडे मुक्काम हलवला होता. तयार जाळी मिळायची, पण या खुर्चीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं होती. तिची बैठक भोकाभोकातून हातानेच विणायला हवी होती. शुद्धोबाने आणखी थोडे दिवस चालढकल केली असती, पण बायको रुग्णालयात परिचारिका, तिला माणसाच्या न जेवण्याचा अर्थ कळायचा.

"अहो, ताट अर्धं परत येतंय रोज," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून जेवतात ते. मी डोकावून बघितलं. मला घास जात नाही हो."

शुद्धोबालाही मग जाईना. त्याने वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं मागवलं, मागच्या पडवीत खुर्ची उलटी करून जुना वेत कापून काढला आणि शिकवणी शोधायला फोन हातात घेतला. तिथे त्याला तो ग्रुप सापडला. नाव होतं "वेतवाले". देशोदेशींची दोनेकशे माणसं, घरच्या घरी खुर्च्या विणणारी, एकमेकांना न बघितलेली, आणि एकमेकांवर भलताच जीव टाकणारी.

पहिल्याच दिवशी ग्रुप वाचताना शुद्धोबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पटी आदी पाण्यात भिजवा अरधा तास मग चकचकित बाजू वर ए ते गेट लाव कुत्रं येतय आणी मागच्या भोकातुन पुडे काडा"

हे लिहिणारे गृहस्थ ट्रक चालवायचे, सगळे त्यांना ट्रकमामा म्हणत. पण ट्रकमामांना एकट्याला का नावं ठेवा? ग्रुप चालवणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या, भिंतीवर तीन पदव्या, आणि त्यांचंही लिखाण तसंच. त्याचं कारण शुद्धोबाला पुढे कळलं. वेत ओला असेपर्यंतच वाकतो, वाळला की मोडतो, म्हणून विणताना हात सतत पाण्यात. ओल्या अंगठ्याखाली फोनची अक्षरं घसरतात. म्हणून निम्मे लोक फोन फळीवर उभा करून त्याला बोलून सांगत आणि तो बिचारा ऐकू येईल ते लिही. त्यात घरातलं सगळं येई. मांजर हाकलणं येई, दूध उतू जाणं येई, एका काकूंच्या उत्तरात तर त्यांचं नवऱ्याशी झालेलं अर्धं भांडण आलं होतं, आणि पुढे तीन दिवस लोक खुर्चीचं सोडून भांडणाचं काय झालं ते विचारत होते. कुणी कुणाला हसत नसे. म्हणजे हसत, पण सोबत बसून हसावं तसं.

शुद्धोबाने दात-ओठ खाऊन सहन केलं, कारण गरज त्याची होती. त्याने नम्रपणे, अर्थातच निर्दोष भाषेत, प्रश्न विचारला. ट्रकमामांनी कुठल्याशा नाक्यावर ट्रक उभा करून त्याला पायरीपायरीने सांगितलं. आधी उभ्या पट्ट्या. त्यांच्यावर आडव्या. पुन्हा उभ्या. मग पुन्हा आडव्या, पण या वेळी एक खालून, एक वरून. भोकात पट्टी घट्ट राहायला लाकडी खुंट्या ठोका. चार पायऱ्या झाल्या तेव्हा चौकटीत चौकटी दिसू लागल्या, आणि शुद्धोबाला आपल्या हातांचं फार कौतुक वाटलं.

इथे त्याने घोटाळा केला. आभार मानायचे तर नुसते मानावेत! त्याने ट्रकमामांचे सगळे निरोप गोळा केले, कुत्री-मांजरं वगळली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, स्वल्पविराम घातले, आकडे टाकले आणि ते सुबक टिपण ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "मूळ मजकुरातील शुद्धलेखनाच्या चुका सर्वांच्या सोयीसाठी दुरुस्त केल्या आहेत. राग नसावा."

त्याला वाटलं, आता लोक डोक्यावर घेतील.

मग डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं.

"दंड"

"कसला दंड?" शुद्धोबाने विचारलं.

"आपल्या ग्रुपचा एकच नीयम आहे जो दुसर्‍याचं लिहिणं दुरुस्त करेल त्याने आपली सगळ्यात फसलेली बैटक फोटोसकट दाखवायची आणि कशी फसली ते सांगायचं तोवर त्याच्या प्रश्नाला कुणि उत्तर देणार नाही"

शुद्धोबाने कळवलं की ही त्याची पहिलीच खुर्ची असून तिच्यात अद्याप काहीही फसलेलं नाही.

"मग थांबु" डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. "फसेल"

आणि काय सांगावं, फसली. पाचव्या पायरीला तिरप्या पट्ट्या घालायच्या असतात, एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे. शुद्धोबा तिरपी पट्टी घाली आणि ती जाळीत अडके. ओढली की चिरफाळे. जोरात ओढली की तटकन तुटे, आणि तुटताना बोट कापून जाई. चार दिवस तो छापखान्यातून आल्यावर पडवीत बसून पट्ट्या तोडत होता. बोटांना चिकटपट्ट्या लावल्यामुळे लाल पेन धरता येईना. ग्रुपवर बाकीच्यांच्या गप्पा चालू होत्या, कुणाच्या स्टुलाचं कौतुक चाललं होतं, आणि हा मूग गिळून ते वाचत होता.

"अहो, टाका की फोटो," बायको म्हणाली. "तुटलेला वेत दाखवायला काय एवढं?"

"अर्धवट काम मी कधी कुणाला दाखवत नाही."

"बरोबर. पुरं झालं की दाखवा. तोवर बाबा आत जेवतील."

ती असं गोड आवाजात बोलली की समजायचं, पाणी गळ्याशी आलं.

रविवारी दुपारी त्याने अखेर मनाचा हिय्या केला. खुर्चीचा फोटो ग्रुपवर टाकला, सगळ्या तुटक्या पट्ट्यांसकट. फोन फळीवर उभा केला, बोलायची खूण दाबली आणि पुन्हा पाण्यात हात घालून कामाला लागला, कारण एक पट्टी वाळत आली होती. दंडाचं भाषण त्याने मनात तयार केलं होतं. चार ओळींचं, नेटकं.

पहिली ओळ संपते न संपते तोच पडवीच्या दारात वडील उभे. ठोकाठोकीचा आवाज ऐकून आले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं होतं, तेही अर्थातच चूक काढायला.

"काय रे हे? वाकडं चाललंय सगळं."

"बाबा, बसा ना. मी बघतोय."

"काय बघतोस डोंबल! सरळ रेघ नाही एक."

शुद्धोबाला हसू आलं आणि वैतागही आला. पाणीही गार झालं होतं. "थांबा, मी गरम पाणी आणतो," म्हणत तो घमेलं घेऊन स्वयंपाकघरात गेला. वडील पडवीत एकटे राहिले. म्हणजे ते आणि फोन. फोन अजून ऐकत होता हे दोघांच्याही गावी नव्हतं.

शुद्धोबा परत आला तेव्हा वडील स्टुलावर बसले होते. घमेलं ठेवताना त्याला फोनची आठवण झाली. हात ओले, अंगठा घसरणारा, पट्टी वाळतेय. तो बोटाच्या पेराने ऐकणं बंद करायला गेला आणि निरोप गेला. हात पुसून बघतो तर असा:

"नमस्कार मंडळी दंड भरतो आहे तिरप्या पट्ट्या तुटत आहेत कारण माझे काय रे हे वाकडं चाललय सगळं बाबा बसा ना मी बघतोय काय बघतोस डोंबल सरळ रेघ नाही एक थांबा मी गरम पाणी आणतो गेला बोटं बघा याची चिरली सगळी एवढं कशाला करतो मला कुठे बसायचय त्या खुर्चीत परत फाटली तर परत हसतील चार माणसात पाय वर करून पडलो मी लहान पोरासारखा हाही हसला म्हणुन आत जेवतो खुर्चीचं नाव सांगतो झालं"

शुद्धोबाने तो निरोप दोनदा वाचला. चुका किती आहेत ते त्याने जन्मात पहिल्यांदा मोजलं नाही. इतके दिवस तो वेत ओढत होता, आणि प्रश्न वेताचा नव्हताच. वडिलांना लाज वाटत होती. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची वाकडी रेघ दाखवली ते सगळ्यांदेखत कोलमडले होते, आणि त्यांना उचलताना पोटचा पोर हसत होता.

निरोप पुसून टाकावा म्हणून त्याचं बोट पुढे गेलं. म्हाताऱ्याच्या मनातलं दोनशे अनोळखी माणसांत कशाला? पण तेवढ्यात खाली उत्तर आलंसुद्धा. डॉक्टरीणबाई होत्या.

"आजोबांना सांगा मीपण पडले मीच विणलेल्या स्टुलावर दवाखान्यात बसले पेशंटचं तोंड उघडं आणि मी सरळ खालि गेले दोन जणांनी ओडुन काडली पेशंट तोंड उघडं ठेउन हसत होता फोटो टाकते थांबा"

आणि फोटो आला. स्टुलाच्या मधोमध भलंमोठं भोक, आणि शेजारी कपाळाला हात लावून स्वतः डॉक्टरीणबाई.

त्यामागून ट्रकमामा. "आजोबा माझी गोष्ट याहुन वाइट आहे मुलीचे सासरे पहिल्यांदा घरी आले मी मोठ्या मानाने म्हटलं बसा व्याहीबुवा माझ्या हातची खुर्चि आहे ते बसले आणि गेले आत सोयरीक मोडता मोडता राहीलि"

मग भांडणवाल्या काकू, मग आणखी कुणी. ज्यांनी कुणाचं काही दुरुस्त केलं नव्हतं ती माणसं रांगेने दंड भरत होती. फाटलेल्या बैठका, उलट्या पडलेल्या खुर्च्या, एक तर पाळणा होता, सुदैवाने रिकामा.

"काय वाचतोयस रे?" वडिलांनी विचारलं. "तोंड का असं झालंय?"

शुद्धोबाला खोटं बोलायचं सुचलं नाही. "बाबा, फोन चालू राहिला होता," तो म्हणाला. "तुम्ही मघाशी जे बोललात ते गेलं या लोकांना. मी पण वाचलं."

वडिलांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते उठले. दारापर्यंत गेले. शुद्धोबाला वाटलं, संपलं, आता हे खोलीतून वर्षभर बाहेर येत नाहीत.

"बाबा, मी हसलो तेव्हा. हसायला नको होतं," तो म्हणाला.

वडील पाठमोरेच उभे राहिले. मग त्याने जे हातात होतं ते वाचायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंचं स्टूल वाचलं. ट्रकमामांचे व्याही वाचले. जसं लिहिलं होतं तसंच वाचलं, एक अक्षर न सुधारता, मधल्या कुत्र्यामांजरांसकट. पाळण्यापाशी येईस्तोवर वडिलांचे खांदे हलायला लागले होते. शुद्धोबा घाबरला. पण ते हसत होते.

"त्या व्याह्यांना लागलं का रे कुठे? विचार," वडील वळून म्हणाले.

"तुम्हीच विचारा."

वडिलांनी फोनकडे तिरप्या नजरेने बघितलं, घसा खाकरला आणि न्यायालयात साक्ष द्यावी तसे खणखणीत बोलले. ट्रकमामांचं उत्तर लगेच आलं. व्याह्यांना लागलं नव्हतं, पण अजून आले की आधी खुर्ची हाताने दाबून बघतात. "आणि मुलाला सांगा" पुढे होतं, "पट्टी अडकते म्हणजे तो उलट बाजुने घालतोय जिथे वरून जायला हवं तिथे खालुन जातोय निट गेली की ओडावी लागत नाही आपोआप सरकते"

शुद्धोबाने पट्टी काढून दुसऱ्या बाजूने घातली. ती गेली. नुसती बोटाने ढकलली तरी पार शेवटपर्यंत गेली. दोघेही बघत राहिले.

तिथून पुढे पडवीत रोज संध्याकाळी दोन माणसं असत. शुद्धोबा विणे आणि वडील स्टुलावर बसून एक डोळा मिटून रेघ बघत, डावीकडे ओढ, सैल सोड, सांगत राहत. ग्रुपवरही त्यांचं आजोबा म्हणून चांगलं बस्तान बसलं. शुद्धोबाचा कुठलाही प्रश्न गेला की खाली विचारणा येई, "आजोबा काय म्हणतात". त्यांच्या भाषणातून फोन काय वाट्टेल ते लिही आणि ते तसंच पाठवत. शुद्धोबा शेजारी बसून आवंढा गिळे, पण गिळे. छापखान्यात मात्र तो होता तसाच होता. लेबलवाल्याला त्याच आठवड्यात त्याने मजकूर तीनदा परत पाठवला. औषधाची बाटली म्हणजे काही ग्रुप नव्हे.

शेवटच्या रविवारी कडेची पट्टी बांधून झाली. बायकोने मेहुण्याला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. तिचं म्हणणं, ज्यांच्यासमोर पडले त्यांच्याचसमोर बसू देत. पानं मांडली गेली. शुद्धोबाने खुर्ची उचलून टेबलाशी आणली, आणि खिडकीतलं ऊन बैठकीवर पडलं तेव्हा त्याला ते दिसलं. मधोमध एक तिरपी पट्टी चुकली होती. एका ठिकाणी वरून जायची ती खालून गेली होती आणि तिथून पुढची सगळी ओळ वाकडी आली होती. नवख्यालाही दिसावी अशी.

त्याचा चेहरा उतरला. "बाबा, एक चूक राहिली. मजबुतीला काही नाही, पण ही एवढी ओळ उसवून पुन्हा घालतो. दोन दिवस द्या."

वडील वाकले, एक डोळा मिटला, वाकडी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली. टेबलाशी सगळे उभेच. मेहुणा तर ताटाकडे बघत होता, न जाणो चेहऱ्यावर काही आलं तर.

"दोन दिवस?" वडील म्हणाले. "म्हणजे आणखी दोन दिवस मी तिकडे भिंतीशी बोलत जेवू?"

"पण बाबा, वाकडी आहे."

"दिसतंय मला. मी मोजणीदार आहे," वडील म्हणाले. "वाकडी तर वाकडी. वाढ."

आणि ते बसले. वेत चांगला मोठ्याने करकरला. कुणी हललं नाही. वडिलांनी खुर्चीच्या हातांवरचे हात सावकाश सोडले, जरा मागे रेलून बघितलं आणि ताट पुढे ओढून घेतलं.